भोवऱ्याची जाळी आणि यो-योचा दोरा

भोवरा हा कोकणातल्या मुलांचा जुना खेळ. पेरूच्या आकाराचा लाकडी गोळा, खाली निमुळता, वर लहानसे डोके आणि टोकाला ठोकलेली लोखंडी आर, एवढेच त्याचे शरीर. त्याला गुंडाळायच्या दोरीला जाळी म्हणतात. आरीपासून सुरुवात करून जाळीचे वेढे खालच्या खाचांतून वर चढवत न्यायचे, दोरीचे मोकळे टोक बोटात अडकवायचे आणि हात झटकून भोवरा जमिनीकडे फेकायचा. दोरी उलगडताना भोवऱ्याला गती देते, भोवरा सुटतो आणि जाळी रिकामी होऊन हातात उरते. ही जाळी भोवऱ्याला बांधलेली नसते. यो-योशी त्याचे नाते आणि त्याचा फरक, दोन्ही या एकाच गोष्टीत आहेत.

खेळाचा मोसम पावसाळा सरल्यावर यायचा. रत्नागिरी परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर अंगण हे मुलांचे राहत नाही. भात कापून शेते मोकळी झाली, अंगणे चोपून शेणाने सारवली की भोवरे बाहेर पडत. जमिनीवर रिंगण आखायचे. ज्याचा भोवरा फिरला नाही किंवा आडवा पडला, त्याने तो रिंगणात ठेवायचा आणि बाकीच्यांनी आपल्या फिरत्या भोवऱ्याने त्याला टोले मारून बाहेर काढायचे. नेम चुकला तर काही बिघडत नसे, पण बसला तर आरीची खोक लाकडात कायमची राही. जास्त खोका असलेला भोवरा म्हणजे हरलेल्याचा भोवरा. कसबी मुलगा मात्र टोल्यावर थांबत नसे. तो फेकलेला भोवरा जमिनीला टेकण्याआधीच जाळीच्या झटक्याने मागे ओढून तळहातावर घेई आणि तो तिथेच फिरत ठेवी. जमिनीवर फिरणारा भोवरा दोरीच्या फासात उचलून वर घेणे हाही त्यातलाच प्रकार. हे सगळे हात बघून शिकायचे. कुणी समजावून सांगत नसे.

भोवरा हा शब्द संस्कृत ‘भ्रमर’पासून आलेला. नदीतल्या पाण्याच्या आवर्ताला, डोक्यावरच्या केसांच्या चक्राला आणि या खेळण्याला मराठीत एकच नाव पुरते. जोडीला भिंगरी आहे. बटणाच्या किंवा चकतीच्या दोन भोकांतून दोरा ओवायचा, दोन्ही हातांनी ताणायचा आणि सोडायचा. दोरा पिळतो, उलगडतो आणि आपल्याच वेगाने उलट पिळतो. पायाला भिंगरी लागलेला माणूस भाषेत शिरला तो इथूनच. दोऱ्यावर जाऊन परत येण्याचे तत्त्व भिंगरीत आधीच होते, हे यो-योचा इतिहास सांगताना सहसा विसरले जाते.

जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा विस्तार आजच्यापेक्षा मोठा होता. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्याला जोडला गेला. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला, तोवर बाणकोटपासून आरोंद्यापर्यंतचा किनारा रत्नागिरीच्याच नावाने ओळखला जात असे. त्यामुळे ‘रत्नागिरीची खेळणी’ म्हणून जे काही त्या काळी बाजारात होते, त्याचा उगम बहुतेक वेळा सावंतवाडीच्या चितारआळीत सापडतो.

चितारआळी हे नाव चितारी समाजावरून पडले. रंगकाम आणि लाकूडकाम हा त्यांचा पिढीजात धंदा. देवळातल्या मूर्ती रंगवणे, पालख्या आणि पाट सजवणे, लग्नाचे चौरंग करणे यांवर त्यांचे पोट चाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिसरे खेम सावंत गादीवर असताना (१७५५ ते १८०३), दरबारात गंजिफा खेळाला मान मिळाला. दशावताराची १२० गोल पाने हाताने रंगवण्याचे काम चिताऱ्यांकडे आले आणि लाखेच्या रंगकामाला राजाश्रय लाभला. गंजिफा हा मोठ्यांचा खेळ होता आणि इतिहासात त्याचीच नोंद राहिली. त्याच आळीत तयार होणारे पाळण्यावरचे चिमणाळे, भातुकली, लाकडी फळे, लाटणी-पोळपाट आणि भोवरे यांची नोंद कुणी फारशी ठेवली नाही. स्वस्त वस्तूचा इतिहास कमी लिहिला जातो. तिची विक्री मात्र जास्त असते.

या धंद्याचे मूळ कातकामात आहे. कातारी लाकडाचा ठोकळा दोन टोकांच्या मध्ये धरतो आणि तो फिरत असताना पटाशीने त्याला आकार देतो. पूर्वी हे फिरवणे दोरीनेच होत असे. एक माणूस ठोकळ्याभोवती गुंडाळलेली दोरी आलटून पालटून ओढी आणि दुसरा हत्यार धरी. म्हणजे भोवरा तयार करणारे यंत्रसुद्धा भोवऱ्याच्याच तत्त्वावर चाले. विजेची मोटर आल्यावर दोरी ओढणारा माणूस या धंद्यातून गेला.

खेळण्यांसाठी सावंतवाडीत पांगाऱ्याचे लाकूड फार वापरले गेले. ते हलके, मऊ आणि रंग चांगला धरणारे असते. बाहुली किंवा लाकडी आंबा करायला पांगारा उत्तम, पण आर ठोकायच्या भोवऱ्याला जड आणि घट्ट रेषेचे लाकूड लागते, नाहीतर पहिल्याच टोल्याला तो उभा चिरतो. आकार झाला की रंगवलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाने तापून लाख वितळते आणि पातळ थरात पसरते. लाल, पिवळे, हिरवे पट्टे भोवरा फिरताना एकमेकांत मिसळून नवाच रंग दाखवतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला हीच पद्धत चालते. तिथे केवड्याच्या जातीच्या पानाने घासून लाखेला चकाकी देतात.

यो-योचे भारतीय रूपही जुनेच आहे. दोन चकत्या, मध्ये आस आणि आसाला दोरा, अशा खेळण्याला उत्तरेत चकई किंवा चकडोर म्हणत. सूरदासाच्या नावावरच्या ब्रज पदांत बाळकृष्ण आईकडे भोवरा आणि चकडोर मागतो. तुलसीदासांच्या ‘गीतावली’त अयोध्येच्या गल्लीत खेळणाऱ्या राजपुत्रांच्या हातीही गोट्या, भोवरा आणि चकडोर आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कवींना हे खेळणे समजावून सांगावे लागत नव्हते, यावरून ते किती रुळलेले होते ते कळते. बुंदी-कोटा शैलीतल्या सुमारे १७७० च्या एका चित्रात एक स्त्री दोऱ्यावरची चकती खेळवताना दाखवली आहे. चकरी हा मराठी शब्द मात्र फिरणाऱ्या कुठल्याही चकतीला लागतो, दिवाळीच्या भुईचक्रापासून जत्रेतल्या कागदी फिरकीपर्यंत. म्हणून जुन्या मराठी मजकुरात चकरी दिसली की ती यो-योच असेल असे धरून चालता येत नाही.

याहून जुना पुरावा ग्रीसचा आहे. बर्लिनच्या संग्रहालयात इसवी सनपूर्व सुमारे ४४० मधला एक रंगवलेला पेला आहे आणि त्यावर दोऱ्याला लटकलेली चकती खेळवणारा मुलगा स्पष्ट ओळखू येतो. युरोपात या खेळण्याची मोठी लाट अठराव्या शतकाच्या शेवटी आली. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत देश सोडून पळालेल्या सरदारांवरून त्याला ‘एमिग्रेत’ असे खोचक नाव पडले. इंग्लंडात ते ‘बँडलोर’ किंवा ‘क्विझ’ या नावाने चालले. पुढे १८०३ मध्ये असईला मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली, म्हणजेच नंतरचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, तरुणपणी आयर्लंडच्या संसदेच्या एका समितीत बसून सारा वेळ हेच खेळणे खेळवीत होता, अशी त्याच्या समकालीनाची आठवण नोंदलेली आहे. समितीच्या कामकाजाविषयी मात्र काही कळत नाही.

अमेरिकेत १८६६ मध्ये सिनसिनाटीच्या जेम्स हेवन आणि चार्ल्स हेट्रिक यांनी सुधारित बँडलोरचे पेटंट घेतले. तरीही पुढची साठ वर्षे हे खेळणे किरकोळच राहिले. कारण त्याला एकच गोष्ट करता येत होती. दोरा आसाला गाठ मारून घट्ट बांधलेला असे. चकती खाली जाई, दोरा संपताच गती उलटी लागून वर येई आणि पुन्हा खाली जाई. यात बघण्यासारखे काही असले तरी शिकण्यासारखे थोडेच होते.

फरक पडला तो फिलिपिन्समधून. तिथे हे खेळणे यो-यो नावाने घरोघर होते आणि १९१६ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या पुरवणीत फिलिपिन्सच्या खेळण्यांवरच्या लेखात त्याचा त्याच नावाने उल्लेख आला. इलोकोस नोर्ते प्रांतातल्या विंतार गावचा पेद्रो फ्लोरेस तरुणपणी अमेरिकेत गेला, कॅलिफोर्नियात हॉटेलात नोकरी करू लागला आणि ९ जून १९२८ रोजी सांता बार्बरा येथे त्याने यो-यो तयार करण्याची कंपनी काढली. सुरुवातीचे नग त्याने हाताने घडवले होते. दीड वर्षातच त्याच्या कारखान्यांत सहाशे कामगार आणि दिवसाला तीन लाख नग असा पसारा झाल्याची नोंद आहे. आपण यो-योचा शोध लावला असा दावा फ्लोरेसने कधी केला नाही.

त्याच्या यो-योत दोरा आसाला बांधलेला नव्हता. दुहेरी पिळलेल्या दोऱ्याचा फास आसाभोवती सैल बसवलेला होता. त्यामुळे खाली गेलेली चकती दोरा संपल्यावर लगेच परत फिरत नाही. ती तळाशी, फासात, जागच्या जागी गरगरत राहते. खेळाडूंच्या भाषेत यो-यो ‘झोपतो’. मग हात किंचित झटकला की दोरा क्षणभर सैल होतो, घर्षणाने आसाला चिकटतो, पहिला वेढा बसतो आणि चकती वर चढते. फेकणे आणि परत येणे यांच्यामध्ये काही सेकंदांची मोकळी जागा तयार झाली आणि यो-योच्या सगळ्या करामती त्या जागेत जन्मल्या. कुत्रे फिरवून आणावे तशी चकती जमिनीवरून चालवणे, दोऱ्याचा पाळणा करून त्यात तिला झुलवणे, या आरंभीच्या करामती झोपलेल्या यो-योशिवाय शक्यच नाहीत. भोवऱ्याला हे अवकाश पहिल्यापासून मिळालेले होते. तो जमिनीवर किंवा तळहातावर फिरतच राहतो. यो-योला ते मिळवावे लागले.

१९८५ च्या एप्रिलमध्ये ‘डिस्कव्हरी’ अवकाशयानात डेव्हिड ग्रिग्ज या अंतराळवीराने यो-यो खेळवून पाहिला, तेव्हा या झोपेचे कारण उलट बाजूने स्पष्ट झाले. पृथ्वीवर चकतीचे वजन दोरा ताणून धरते. यानात वजनच जाणवत नसल्याने दोरा ताठ राहत नाही आणि यो-यो तळाशी थांबतच नाही, गेल्या पावली परत येतो.

फ्लोरेसने आणखी एक गोष्ट केली. कुणाचा यो-यो जास्त वेळ फिरतो, कोण जास्त वेळा खालीवर करतो, याच्या त्याने गावोगाव स्पर्धा लावल्या. डोनल्ड डंकन या व्यापाऱ्याने त्याची कंपनी विकत घेतली आणि हीच रीत मोठ्या प्रमाणावर चालवली. फिलिपिनो तरुण खेळाडू पगारावर ठेवून त्याने त्यांना शहरोशहरी पाठवले. हे तरुण दुकानासमोर उभे राहून करामती दाखवत, मुलांच्या यो-योवर चाकूने नारळाची झाडे आणि पक्षी कोरून देत आणि शनिवारी स्पर्धा भरवत. १९३२ मध्ये लंडनला भरलेली जागतिक म्हणवली गेलेली स्पर्धा कॅनडातल्या व्हिक्टोरियाच्या हार्वी लो या तेरा वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलाने जिंकली. त्याच्या हातांचा दीड लाख डॉलरचा विमा उतरवला होता, असे म्हणतात. लाट किती दूर पोचली होती याचा मासला दमास्कसहून येतो. १९३३ मध्ये तिथे दुष्काळ पडला आणि लोक पाऊस मागत असताना यो-यो मात्र खाली जाऊन पुन्हा वर चढतो, या कारणाने त्यावर बंदी आल्याची बातमी जगभर छापली गेली.

नेमक्या याच वर्षांत महाराष्ट्रात देशी खेळांचे नियम छापण्याचे काम जोरात चालू होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम ठरवले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूची नियमावली काढली. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने हे काम पुढे नेले. आट्यापाट्या, लंगडी आणि विटीदांडूसुद्धा मैदानाच्या मापात आणि मिनिटांत बसवले गेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला देशी खेळ आणि व्यायाम दाखवले. त्याच वर्षापासून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ बडोद्याहून खंडाखंडाने निघू लागला. या सगळ्या खटाटोपात भोवऱ्याच्या वाट्याला संघटना, फेऱ्या आणि ढाल असे काही आले नाही.

यामागची कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे व्यायाम होता, सांघिक शिस्त होती, दम आणि चपळाई होती, आणि त्या काळात राष्ट्राच्या उभारणीशी जोडता येईल असा खेळ हवा होता. हुतूतूत छाती भरते. भोवऱ्यात मनगट आणि बोटे भरतात. शिवाय भोवऱ्याच्या मागे विक्रेता नव्हता. कातारी जत्रेत भोवरे मांडून बसे, पण शनिवारी स्पर्धा भरवून माल खपवावा हे त्याला कुणी सुचवले नाही, आणि सुचवले असते तरी त्याच्या गाठीला तेवढे भांडवल नव्हते. कॅरम हा हातच्या नजाकतीचा खेळ असूनही वाचला, कारण त्याला पाटी, क्लब आणि पुढे १९५६ पासून अखिल भारतीय महासंघ मिळाला. रत्नागिरीने कॅरमला राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू दिले, ते या व्यवस्थेतून. बोटांचे तेच कसब भोवऱ्यापाशी अंगणात राहिले. महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासातली ही चूक मोठी म्हणता येणार नाही, पण ती चूकच आहे.

यो-यो कोकणात उतरला तो चाकरमान्यांच्या ट्रंकेतून. गणपतीला किंवा शिमग्याला बोटीने, नंतर एसटीने गावी येणारा गिरणी कामगार पोरांसाठी मुंबईच्या फुटपाथवरची खेळणी आणी. त्यात पत्र्याची बेडकी असे, शिट्टी असे आणि कधी यो-योही असे. मकर संक्रांतीला मारळच्या मार्लेश्वराची जत्रा किंवा शिवरात्रीला कुणकेश्वराची जत्रा भरे, तिथे रबरी दोरीला बांधलेला चमकीचा चेंडू मिळे. मुले त्यालाही बिनदिक्कत यो-यो म्हणत. १९८० च्या दशकात शीतपेयांच्या जाहिरातींमधून प्लॅस्टिकचे यो-यो भारतभर पसरले. कातलेल्या लाकडापेक्षा साच्यातले प्लॅस्टिक स्वस्त पडते आणि त्याचे दोन अर्धे नेमके सारख्या वजनाचे होतात. यो-योला हा सारखेपणा जिवाइतका गरजेचा आहे, कारण एक बाजू जड झाली की चकती कलंडते आणि दोऱ्याला घासून थांबते. लाकडाच्या रेषा सगळीकडे सारख्या नसतात. यो-योच्या बाजारात कातारी मागे पडला तो इथे.

अमेरिकेत डंकनचा कारखाना विस्कॉन्सिनमधल्या लक नावाच्या गावात मॅपलच्या लाकडाचे यो-यो तासाला ३६०० या वेगाने कातत होता. १९६२ मध्ये कंपनीने साडेचार कोटी नग विकल्याचे सांगितले जाते. तरी १९६५ मध्ये न्यायालयाने ‘यो-यो’ हे वस्तूचे सर्वसामान्य नाव असल्याने त्यावर एका कंपनीचा हक्क राहत नाही असा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. पेद्रोच्या गावचा शब्द पुन्हा सगळ्यांचा झाला.

पुढची उडी धातूची. १९७८ मध्ये टॉम कून या अमेरिकी दंतवैद्याने सुटा करता येणारा लाकडी यो-यो काढला, आणि १९९० च्या सुमारास ॲल्युमिनियमचा, आसावर बॉल बेअरिंग बसवलेला. फासाचे घर्षण बेअरिंगने जवळजवळ संपवले आणि काही सेकंदांची झोप मिनिटांवर गेली. १९९७ नंतर जपानमध्ये बंदाई कंपनीच्या ‘हायपर यो-यो’ने शाळकरी मुलांना वेड लावले. आजचा स्पर्धेतला यो-यो सुमारे ५६ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. वजनाचा मोठा भाग कडेला ठेवलेला असतो, म्हणजे गती टिकते. आसाजवळ सिलिकॉनच्या चकत्या असतात. हा यो-यो नुसता झटका दिल्याने परत येत नाही. दोऱ्याचा एक वेढा मुद्दाम फटीत कोंबून त्याला बांधून आणावा लागतो, आणि नवशिक्याचे पहिले काही दिवस एवढ्यातच जातात.

जागतिक स्पर्धा पुढे अमेरिकेत ऑरलँडोला नियमित भरू लागली. २०१४ मध्ये ती प्रागला गेली आणि तेव्हापासून देशोदेशी फिरते. पाच प्रकार मानले जातात. एका लांब झोपणाऱ्या यो-योवरच्या दोऱ्याच्या करामती हा पहिला. दोन्ही हातांत दोन यो-यो घेऊन सतत वर्तुळे काढणे हा दुसरा, आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी दोऱ्याच्या करामती हा तिसरा. चौथ्यात यो-यो दोऱ्याला जोडलेलाच नसतो. पाचव्यात दोऱ्याचे दुसरे टोक बोटात न अडकवता त्याला छोटे वजन बांधतात. चौथा प्रकार पाहिला की कोकणातल्या जुन्या माणसाला जाळीने उचललेला भोवराच आठवेल. अंतिम फेरीत खेळाडूला संगीतावर तीन मिनिटे मिळतात. पंचांच्या दोन्ही हातांत मोजणीची यंत्रे असतात, एकाने जमलेली करामत मोजायची आणि दुसऱ्याने झालेली चूक. वर सादरीकरणाचे गुण निराळे.

स्पर्धेत उतरणारी बहुतेक मुले बारा ते वीस वयाची असतात. दोरा बेंबीच्या उंचीइतका कापायचा, तो पॉलिएस्टरचा असतो आणि सरावात वरचेवर बदलावा लागतो. मधल्या बोटावर फासाचा वळ पडतो. एका करामतीतून दुसरीत अडखळल्याशिवाय जाणे हा खरा अभ्यास, आणि तीन मिनिटांच्या कार्यक्रमासाठी महिनोन्महिने तेच गाणे ऐकावे लागते. भारतात २०१० च्या सुमारास चिनी मालिका ‘ब्लेझिंग टीन्स’मुळे मुलांत पुन्हा यो-योची लाट आली. ती ओसरल्यावर जी थोडी मुले खेळत राहिली, त्यांच्यातून मुंबई, पुणे, बेंगळुरूसारख्या शहरांतल्या खेळाडूंचे गट आणि राष्ट्रीय स्पर्धा उभ्या राहिल्या. शिकवणारा माणूस शेजारी नसला तरी आता चालते. पडद्यावरची चित्रफीत थांबवून थांबवून दोऱ्याची प्रत्येक घडी पाहता येते. अंगणातला भोवरेपटू मोठ्या मुलाच्या मनगटाकडे टक लावून जे करी, तेच हे.

ऑरलँडोच्या जागतिक यो-यो स्पर्धेला जोडून भोवऱ्याचीही स्पर्धा भरत असे. तिथल्या भोवऱ्याच्या टोकाला आरीऐवजी बेअरिंगवर फिरणारी टोपी असते आणि तो दोरीवरच झेलतात, नाचवतात. भोवऱ्याला नियमावली मिळाली ती अशी, परक्या देशात आणि यो-योच्या पदराला धरून.

इकडे सावंतवाडीत चितारआळीचा धंदा मधल्या काळात बराच खालावला. गंजिफा रंगवणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले होते, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना बसवून लाखकाम पुन्हा सुरू केले. राणीसाहेब स्वतः ही कला शिकल्या. लाकडी फळे, चौरंग आणि बुद्धिबळाचे पट यांना पर्यटकांची मागणी आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर ती वाढली. आता ही खेळणी बहुतेक वेळा दिवाणखान्यातल्या कपाटात जातात. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी हस्तकलेला भौगोलिक मानांकन मिळाले.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे. मुलांसाठी म्हणून बाहेरून येणाऱ्या यो-योलाही ते लागते. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराला आणि भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्याला यातून सूट आहे. त्यामुळे अशी नोंद असलेल्या सावंतवाडीच्या कारागिराने स्वतः कातलेला भोवरा चिन्हाशिवाय विकता येतो.